सर ह्यू केर्न्स

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष बहुधा रणांगणाकडे, सिंहासनाकडे किंवा ग्रंथसंपदेकडे जातें. ज्यानें राज्य जिंकलें त्याचें नांव शाळेंतील मुलांस तोंडपाठ असतें. परंतु ज्याच्या परिश्रमाचें फळ आज रस्त्यावरून जाणारे असंख्य दुचाकीस्वार आपल्या मस्तकावर वागवितात, त्याचें नांव वैद्यकाच्या जगाबाहेर फारसें कोणी उच्चारीत नाहीं. अशा एका शल्यवैद्याचा परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूनें आम्ही हा अल्प लेख सादर करीत आहों.

ह्यू विल्यम बेल केर्न्स यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियांतील पोर्ट पिरी या बंदराच्या गांवीं ता. २६ जून १८९६ रोजीं झाला. वडील स्कॉटलंडहून येऊन तेथें स्थायिक झालेले असून लाकूडकामावर त्यांचा चरितार्थ चाले. ह्यू यांचें बालपण रिव्हर्टन नांवाच्या लहानशा गांवीं गेलें. पुढें अ‍ॅडिलेड येथील हायस्कुलांत शिक्षण घेऊन त्यांनीं तेथील विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. इतक्यांत पहिलें महायुद्ध पेटलें. १९१५ सालीं अभ्यास अर्धवट ठेवून ते सैन्याच्या वैद्यकीय पथकांत दाखल झाले व लेम्नॉस बेटावरील लष्करी रुग्णालयांत त्यांनीं सेवा केली. तेथून परत येऊन १९१७ सालीं त्यांनीं पदवी संपादन केली आणि पुनः फ्रान्सच्या रणभूमीवर ते रुजू झाले. त्याच वर्षीं ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठीं त्यांची निवड झाली व युद्ध संपल्यावर १९१९ सालीं ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजांत गेले.

केर्न्स हे केवळ पुस्तकी विद्यार्थी नव्हते. १९२० सालच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतींत ते ऑक्सफर्डच्या नावेंत वल्हें घेऊन बसले होते. पुढील वर्षीं बॅलिओलच्या प्रमुखांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लंडन हॉस्पिटलांत शल्यवैद्य म्हणून काम करीत असतां १९२६ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत बोस्टन येथें जाण्याची संधि त्यांस मिळाली. तेथें मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य हार्वे कुशिंग यांच्या हाताखालीं त्यांनीं एक वर्ष काढलें. त्या काळीं मेंदूवरील शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूशीं खेळलेला जुगारच होता. कुशिंग यांनीं संथ हातानें, रक्तस्रावास कटाक्षानें आळा घालून आणि प्रत्येक रोग्याची बारकाईनें नोंद ठेवून ही विद्या शास्त्राच्या पायरीवर आणिली होती. ही शिस्त केर्न्स यांनीं अंगीं बाणविली व स्वदेशाहून दूर इंग्लंडांत तिचें रोपटें लाविलें. १९३७ सालीं ऑक्सफर्ड येथें नफील्ड अध्यासनावर शल्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यापूर्वीं दोन वर्षें एक प्रसंग घडला. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या उठावामुळें जगप्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स हे ता. १३ मे १९३५ रोजीं डॉर्सेट परगण्यांतील आपल्या घराकडे मोटारसायकलवरून चालले होते. वाटेंत सायकलींवर बसलेलीं दोन मुलें एकाएकीं दृष्टीस पडलीं. त्यांना वांचविण्यासाठीं लॉरेन्स यांनीं गाडी वळविली. ते दूर फेंकले गेले आणि मस्तकावर आपटले. डोक्यावर कसलेंहि संरक्षण नव्हतें. उपचारासाठीं बोलाविलेल्या तज्ज्ञांमध्यें केर्न्स हेहि होते. सहा दिवस बेशुद्धावस्थेंत काढून ता. १९ मे रोजीं वयाच्या ४६ व्या वर्षीं लॉरेन्स यांची प्राणज्योत मालवली. मोठा विद्वान् योद्धा सहा दिवस डोळ्यांदेखत झिजत जावा आणि कुशल शल्यवैद्यास कांहींच करतां येऊं नये, ही गोष्ट केर्न्स यांच्या मनास लागून राहिली असावी. फुटलेलें मस्तक सांधणें एक आणि तें फुटूंच न देणें दुसरें; यांतील दुसऱ्या मार्गाकडे पुढें त्यांचें लक्ष लागलें.

दुसरें महायुद्ध सुरू होतांच या प्रश्नानें उग्र रूप धारण केलें. सैन्याचे निरोप पोंचविणारे शिपाई मोटारसायकलींवरून रात्रंदिवस धांवत. हवाई हल्ल्यांच्या भीतीनें रस्त्यांवरील दिवे मालविलेले असत. केर्न्स यांनीं हिशेब मांडून पाहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसणारे लोक रस्त्यावर मेले होते आणि त्यांच्या मृत्यूचें सर्वांत मोठें कारण मस्तकाची इजा हेंच होतें. उलट, शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त स्वार त्यांच्या पाहण्यांत अवघे सात आले होते व ते सातहि वांचले होते. सात ही संख्या लहान आहे हें खरें. तथापि तिच्यामागील इशारा त्यांनीं ओळखला. ऑक्टोबर १९४१ मध्यें त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला आणि नोव्हेंबर महिन्यांतच ब्रिटिश सैन्यानें कामावरील प्रत्येक मोटारसायकलस्वारास शिरस्त्राण सक्तीचें केलें. त्यानंतर मृत्यूंची संख्या हळूहळू उतरत गेली. पेट्रोलच्या टंचाईनें रस्त्यांवरील गर्दी कमी झाली होती, तिचाहि यांत कांहीं वांटा होता, हें आम्ही येथें नमूद करितों; कारण सत्पुरुषाची स्तुति करतांना सत्य लपवूं नये.

याच काळांत त्यांनीं ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजांत मस्तकाच्या जखमांसाठीं लष्करी रुग्णालय चालविलें. १९४० ते १९४५ या अवधींत तेथें सुमारें १३,००० रुग्णांवर उपचार झाले. जखमी शिपाई रुग्णालयापर्यंत पोंचेतों उशीर होतो, म्हणून शस्त्रक्रियेचें साहित्य घेऊन रणभूमीजवळ जाणारीं फिरतीं पथकें त्यांनीं उभारलीं. १९४३ सालीं अ‍ॅडिलेडचेच सुपुत्र हॉवर्ड फ्लोरी यांच्यासह उत्तर आफ्रिकेंत जाऊन जखमांवर नव्या पेनिसिलिनचा प्रयोगहि त्यांनीं करून पाहिला.

आतां विद्यार्थ्यांनीं नीट लक्ष द्यावें असा भाग येतो. शिरस्त्राण रक्षण करितें तें कसें? त्याचें कठीण कवच आघाताचा जोर एका बिंदूवर न ठेवतां विस्तृत जागेवर पसरवितें, आणि आंतील पट्टे व अस्तर मस्तकास एकदम न थांबवितां किंचित् सावकाश थांबवितें. त्यामुळें कवटी फुटण्याचें टळतें. परंतु कवटी शाबूत राहिली म्हणजे मेंदूहि सुरक्षित राहिलाच, असें मात्र नाहीं. केर्न्स यांच्यासमवेत काम करणारे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होलबोर्न यांनीं मेंदूची जिलेटिनची प्रतिकृति करून १९४३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मस्तकास एकाएकीं पीळ किंवा फेर बसला म्हणजे मेंदूच्या आंतील थर एकमेकांवरून सरकतात व ताणले जातात. आपल्या घरांत दह्याचें मडकें असतें. तें झटक्यानें फिरविलें तर मडक्यास चरा जात नाहीं, पण आंतील घट्ट दह्यास भेगा पडतात. मेंदूच्या हादऱ्याचें स्वरूप कांहींसें असेंच आहे. मडकें जाड केल्यानें दह्याचें रक्षण पूर्णपणें होत नाहीं.

हाच पेंच पुढें अमेरिकेंतील फुटबॉलच्या मैदानावर उभा राहिला. तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यांत खेळाडू एकमेकांवर धडका देतात. तेथें आधीं चामड्याचीं व १९३९ पासून प्लास्टिकचीं शिरस्त्राणें आलीं. कवच कठीण होतांच खेळाडू डोक्याचाच हत्यारासारखा उपयोग करूं लागले. १९६८ या एका वर्षांत खेळतांना झालेल्या इजांनीं ३६ खेळाडू दगावले. पुढें शिरस्त्राणांच्या मजबुतीचीं प्रमाणें ठरलीं, १९७६ सालीं डोक्यानें धडक देण्यास नियमानें बंदी झाली, आणि १९९० सालीं असा एकहि मृत्यु घडला नाहीं. मेंदूचा हादरा मात्र हटला नाहीं. २०१४ सालीं कॉलेजांतील खेळाडूंच्या एका पाहणींत जुन्यापेक्षां नव्या बनावटीच्या शिरस्त्राणानें असे हादरे सुमारें निम्म्यानें घटल्याचें दिसलें; त्याच वर्षीं विस्कॉन्सिन संस्थानांतील हायस्कुलांच्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या पाहणींत मात्र शिरस्त्राणाची जात किंवा वय यांनीं कांहींच फरक पडल्याचें आढळलें नाहीं. म्हणजे केर्न्स आणि होलबोर्न यांनीं दाखविलेली मर्यादा आजहि सर्वस्वीं ओलांडली गेलेली नाहीं.

१९४६ सालीं केर्न्स यांस सर हा किताब मिळाला. कर्करोगानें ता. १८ जुलै १९५२ रोजीं ऑक्सफर्ड येथें त्यांचें देहावसान झालें. वय अवघें ५६ वर्षांचें होतें. ब्रिटनमध्यें सर्व मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राणाची सक्ती झाली ती १९७३ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनीं. आपल्या देशांतील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतहि तसें कलम आहे. ज्यानें झाड लाविलें त्यास सावली लाभली नाहीं. परंतु आपण त्या सावलींतून रोज जातों.

या चरित्रापासून आमच्या वाचकांनीं दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, उपायापेक्षां प्रतिबंध श्रेष्ठ होय. पालकांनीं स्वतःच्या डोक्यावर शिरस्त्राण घालून मागें बसलेल्या मुलास तसेंच बसवूं नये, आणि तें गाडीच्या आरशास अडकवून न ठेवतां त्याचा पट्टा हनुवटीखालीं घट्ट बांधावा. दुसरी ही कीं, शिरस्त्राण म्हणजे अभेद्य कवच नव्हे. तें घातलें म्हणून वेग वाढवूं नये, व मैदानावर डोक्यास मार लागून भोवळ, ओकारी किंवा विसर पडला तर शौर्य म्हणून पुनः खेळावयास जाऊं नये. खेळ थांबवून गुरुजनांस सांगावें व डॉक्टरांस दाखवावें. साधनाचें सामर्थ्य जाणणें हें शहाणपण, आणि त्याची मर्यादा जाणणें हें त्याहूनहि मोठें शहाणपण होय. सर ह्यू केर्न्स यांनीं हीं दोन्ही जाणलीं, म्हणूनच त्यांचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करावयास हवें.