वामनदादांचे ऋण आणि आमच्या गायन पार्ट्या

लोककवी वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले. मुंबईत मजुरी करीत ते तरुणपणी अक्षरे शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत लिहिले. पुढे साठ वर्षे त्यांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोचवला. समाजाने वर्गणी काढायची, त्यातून बिदागी द्यायची, मुक्काम व भाकर कार्यकर्त्याच्या घरी. दादांची गीते असंख्य गायकांनी गायिली, त्यावर कित्येकांच्या चुली पेटल्या. १५ मे २००४ रोजी दादा गेले.

मात्र ही व्यवस्था कलावंत मंचावर उभा असेपर्यंतच चालते. गळा बसला की विचारणारा कोणी नसतो. २०२० च्या टाळेबंदीत १४ एप्रिल व बुद्ध पौर्णिमेचे कार्यक्रम झाले नाहीत, ढोलकीवाले आणि कोरसवाले यांचा हंगामच बुडाला.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जालना जिल्ह्यातील अंबड, भोकरदन, परतूर, घनसावंगीच्या पार्ट्यांनी प्रत्येक बिदागीतला ठरावीक हिस्सा सामाईक निधीत टाकावा. निधीची रीतसर नोंदणी करावी, हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचावा. आजारपणात, मरणात तो कामी यावा. नुसता तसबिरीला हार घालून दादांचे ऋण फिटणार नाही. जयभीम!