बेटांमधली अदृश्य रेषा

आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३-१९१३) यांची शाळा चौदाव्या वर्षीच सुटली. ॲमेझॉनच्या जंगलांत हिंडून जमविलेले असंख्य नमुने १८५२ मध्ये परतीच्या जहाजावरील आगीत भस्मसात झाले. ते स्वतः दहा दिवस होडीत तरंगत राहिले. दुसरा कोणी घरी बसला असता. वॉलेस १८५४ मध्ये मलाय द्वीपसमूहात पोहोचले. बाली आणि लोम्बोक या बेटांत सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर, हवामानही जवळपास सारखे. तरीही बालीत आशियाई पक्षी, तर लोम्बोकमध्ये ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवा! हिमयुगात समुद्र उतरला तेव्हाही मधली खोल सामुद्रधुनी कोरडी पडली नव्हती. १८५८ मध्ये त्यांनी नैसर्गिक निवडीवरील निबंध डार्विन यांना धाडला. श्रेय मुख्यतः डार्विन यांनाच मिळाले. वॉलेस यांनी १८८९ मधील आपल्या ग्रंथाला नाव दिले ‘डार्विनिझम’.