राखीव यष्टिरक्षक नाना जोशी

संघात फलंदाजांना पाच-सहा जागा असतात, यष्टिरक्षकाला एकच. पद्मनाभ गोविंद ऊर्फ नाना जोशी यांची कारकीर्द या एका जागेपायी खोळंबली. १९२६ साली बडोद्यात जन्मलेले नाना रणजी स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळले (आपले कोल्हापूरही याच संघात येते). १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीला त्यांना पहिली कसोटी मिळाली. पण त्याच मालिकेत माधव मंत्री व प्रबीर सेन यांनाही यष्टीमागे उभे करण्यात आले. पुढे मुंबईचे नरेन ताम्हाणे आले आणि नानांना बोलावणे अधूनमधूनच येऊ लागले. नऊ वर्षांत कसोट्या अवघ्या १२! निवड समितीने त्यांना नीट रुजूच दिले नाही, असे मला वाटते.

डिसेंबर १९६० मध्ये मुंबईला पाकिस्तानविरुद्ध भारताचे आठ गडी ३०० धावांत बाद झाले होते. तेव्हा नाना आणि गोलंदाज रमाकांत देसाई यांनी नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या. देसाई ८५, नाना नाबाद ५२. कसोटीतले त्यांचे हे एकमेव अर्धशतक. पण पुढच्या कसोटीत यष्टीमागे दुसराच उभा होता, आणि नानांना पुन्हा कधीच बोलावणे आले नाही. ८ जानेवारी १९८७ रोजी पुण्यात ते वारले. त्यांची ती भागीदारी मात्र साठ वर्षे उलटली तरी भारताच्या कोणत्याही जोडीला ओलांडता आली नाही.