साने गुरुजी : युवक-संघटन आणि समतेचा लढा

प्रास्ताविक

साने गुरुजी आपल्याला परिचित असतात ते प्रामुख्याने ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे लेखक म्हणून. या घटकात आपण त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू पाहणार आहोत. तरुणांना घडवणारा शिक्षक आणि सामाजिक न्यायासाठी लोकांना एकत्र आणणारा संघटक या दोन्ही भूमिका त्यांच्या ठायी कशा एकरूप झाल्या, हे समजून घेणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

जडणघडण

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरलेले. दापोली, औंध आणि पुणे येथे हालअपेष्टा सोसत त्यांनी शिक्षण घेतले. १९२४ मध्ये ते खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर त्यांनी हुकूम सोडण्याऐवजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, आजारी मुलांची शुश्रूषा केली. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. आधी स्वतः करावे आणि मग इतरांना हाक द्यावी, ही त्यांच्या नेतृत्वाची रीत येथेच सिद्ध झाली.

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनी टिपून घेतली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. सुटकेनंतर खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार यांचे प्रश्न त्यांनी हाती घेतले. १९३८ मध्ये सुरू केलेले त्यांचे ‘काँग्रेस’ साप्ताहिक याच कामाचे साधन होते.

सेवादल आणि तरुण

१९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली. जातिधर्मांच्या भिंती ओलांडून मुले-मुली शाखेत एकत्र येत. खेळ, अभ्यासवर्ग, श्रमदान आणि कलापथक यांतून त्यांच्यावर समतेचा संस्कार होई. गुरुजींच्या वाणीने व लेखणीने असंख्य तरुण या कार्याकडे ओढले गेले.

पंढरपूरचे उपोषण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह आरंभला होता. तथापि सवर्ण समाज बदलला नाही आणि १९३५ मध्ये येवले येथे त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. त्यामुळे पुढील काळात मंदिरप्रवेश हा दलितांच्या मागणीपेक्षा सवर्णांच्या सदसद्विवेकाचा प्रश्न उरला होता. गुरुजींनी तो नेमका याच अंगाने मांडला. ज्या विठ्ठलाला संतांनी सर्वांची माउली मानले, त्याच्याच दारी लेकरांना मज्जाव असावा, ही विसंगती त्यांना असह्य झाली.

१९४६ च्या अखेरीस ठरलेले उपोषण सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी पुढे ढकलले. मधल्या काळात सेवादलाच्या कलापथकासह त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. सभा, गाणी व संवाद यांतून गावोगावची मंदिरे आणि पाणवठे खुले होऊ लागले. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. अपुऱ्या माहितीमुळे गांधीजींनीही ते थांबवण्यास सांगितले. गुरुजींना ती वेदना मोठी होती, पण ते ढळले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

उपोषण हे मतपरिवर्तन की दडपण, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. याचा विचार करताना उपोषणापूर्वीच्या दौऱ्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आत्मक्लेशाआधी त्यांनी लोकशिक्षणाचा मार्ग पत्करला होता, आणि त्या मार्गावर तरुण त्यांचे सोबती होते.

अखेरचे पर्व

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतीय भाषाभगिनींना जोडणाऱ्या ‘आंतरभारती’चे स्वप्नही त्यांनी पाहिले. मात्र गांधीहत्येने आणि भोवतालच्या परिस्थितीने त्यांचे संवेदनशील मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली.

सारांश

गुरुजींनी स्वतःची गादी निर्माण केली नाही. कार्यकर्ते निर्माण केले. त्यांच्यामागे सेवादल आणि ‘साधना’ चालत राहिले, यातच त्यांच्या संघटनकार्याचे यश दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पंढरपूरच्या उपोषणापूर्वी गुरुजींनी केलेल्या दौऱ्याचे महत्त्व स्पष्ट करा.
२. शिक्षक साने गुरुजी आणि संघटक साने गुरुजी यांतील आंतरिक संबंध विशद करा.