लोखंडाचा वैद्य

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं की घरातल्या थोरांना लोखंडी नांगर आठवतो, नाहीतर पाण्याचा पंप. मला अलीकडे ते आठवतात मोटारीच्या इंजिनावरून. आमच्या गुहागरात कुणाची तरी जुनी गाडी निळसर धूर सोडू लागते, मग कुणीतरी त्याला एक बाटली दाखवतो. ही ऑइलमध्ये ओता, इंजिन पुन्हा नवं होईल, असं सांगतो. मी बँकेत नोकरी केलेली, त्यामुळे मंडळी मला विचारतात, पैसे घालावेत का? अशा वेळी मला लक्ष्मणरावांचं आयुष्य फार उपयोगी पडतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा. जन्म २० जून १८६९. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथे उमगलं की काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळतच नाही. डोळ्यांत थेंब घालून बरी होणारी ही उणीव नव्हती. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. दोष कुठे आहे हे ओळखायचं आणि त्याला पुरेल तेवढाच, पण खरा उपाय करायचा, ही त्यांची रीत पुढेही कायम राहिली.

हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १० हजार रुपये कर्ज आणि कुंडल रोडजवळ ३२ एकर माळरान दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या जागेवर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले.

या तोफांपाशी मी नेहमी थांबतो. जुन्या लोखंडाला नवं रूप हवं तर ते भट्टीत घालावं लागतं, वरून काही चोपडून भागत नाही. मोटारीच्या इंजिनाचंही तसंच आहे. लाखभर किलोमीटर धावल्यावर सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. फट वाढते, ऑइल वर चढून जळतं, धूर निघतो. झिजून गेलेला धातू कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

मग बाटली ओतल्यावर गाडी शांत कशी होते? बहुतेक बाटल्यांत ऑइल दाट करणारा पदार्थ असतो. दाट ऑइल फटीत जरा अधिक टिकतं, आवाज दबतो, धूर कमी दिसतो. झीज मात्र आतून चालूच राहते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिंगा झिजलेल्या नसून काजळीने चिकटल्या असतील, तर मळ सोडवणारं द्रव्य त्या मोकळ्या करू शकतं. रबरी सील कडक होऊन ऑइल पाझरत असेल, तर सील मऊ करणारं द्रव्य काही काळ गळती थोपवतं. शिवाय चांगल्या ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी आणि झीज कमी करणारी द्रव्यं कंपनीनेच मोजून घातलेली असतात. त्यात आपण आणखी ओतलं तर ते माप बिघडू शकतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात तिथल्या व्यापार आयोगाने अशा काही बाटल्यांच्या जाहिरातींवर कारवाई केली. त्यांतले दावे सिद्ध करता आले नव्हते.

म्हणून आधी दोष ओळखावा. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. कमी भरलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर गेले असं समजावं. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. त्यानंतरच बाटली, नव्या रिंगा की इंजिन बोअर, हे ठरवावं.

हे सारं मी आवर्जून लिहितो, कारण जुन्या जीपवर घर चालवणारी माणसं मी बँकेत पाहिली आहेत. महिन्याचा हप्ता आणि मुलांच्या फिया त्याच इंजिनातून निघायच्या. बाटलीमागून बाटली ओतत इंजिन बसेपर्यंत वाट पाहिली, तर वेळीच रिंगा बदलण्याच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो आणि तेवढे दिवस जीप दारात उभी राहते, ते वेगळंच.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या तरुणपणी लोक चांगल्या लोखंडाला विष समजत होते, आज बाटलीतल्या तेलाला अमृत समजतात. त्या काळी शंका फिटली ती नांगर शेतात चालल्यावर. गाडीचंही मोजमाप करून बघावं. मोजायला लागतो अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासावर कधीकधी एका घराचं वर्षभराचं गणित अवलंबून असतं.