एली मेच्निकॉफ : एका जिज्ञासू तपस्व्याचे चरित्र

आमच्या मांद्रे गावात उन्हाळा लागला की घरोघरी ताक होते. रात्री दुधाला लावलेल्या विरजणात असंख्य सूक्ष्म जीव काम करीत असतात, हे आज शाळेतील मुलेही जाणतात. परंतु आपल्या आतड्यांतील जंतूही नाना द्रव्ये निर्माण करतात, ती रक्तात मिसळतात व आपल्या आरोग्याशी त्यांचे नाते असते, हा विचार आग्रहाने मांडणाऱ्या एली मेच्निकॉफ यांचे चरित्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ते येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

मेच्निकॉफ यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकॉव्ह नगरानजीकच्या खेड्यात झाला. आपल्या पणजीतील वैद्यकशाळा त्या वेळी अवघी तीन वर्षांची होती. बुद्धी इतकी तल्लख, की विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत संपविला. पुढे ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. परंतु दैवाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी क्षीण झाली होती, की विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. १८७३ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावर तिचे देहावसान झाले. काही काळ त्यांना जीवन नकोसे झाले. अखेर ज्ञानसाधनेनेच त्यांना सावरले.

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय! त्या काट्याभोवती फिरत्या पेशींनी वेढा घातला होता. शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळणाऱ्या या भक्षक पेशी होत. या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८८ साली ते पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत गेले. त्यांचे ओडेसाचे शिष्य वाल्देमार हाफकिन हेही पुढे तेथे आले. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेणारे हाफकिन ते हेच. परळची संस्था आजही त्यांचे नाव धारण करते.

गुरूही असेच धाडसी होते. पटकीचे जंतू एकाला मारतात व दुसऱ्याला सोडतात, ते का? हे जाणण्यासाठी मेच्निकॉफ स्वतः ते जंतू प्याले. त्यांना काही झाले नाही. परंतु तोच प्रयोग करणारा एक सहकारी मरणाच्या दारी जाऊन परतला. आतड्यांतील इतर जंतू रोगजंतूंना कधी साहाय्य तर कधी विरोध करीत असावेत, असे त्यांनी अनुमान काढले.

यातूनच त्यांच्या उत्तरायुष्यातील सिद्धान्त जन्मला. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, जंतू फिनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये निर्माण करतात, ती रक्तात शिरून शरीर झिजवतात व अकाली वार्धक्य आणतात, असे त्यांचे मत होते. त्यावर उपाय म्हणून ते नित्य आंबविलेले दूध घेत. परंतु मोठे आतडे निरुपयोगीच आहे, हे त्यांचे म्हणणे चुकीचे ठरले. त्या काळी काही शल्यवैद्यांनी ते कापून काढण्याचाही मार्ग धरला. आज आपण जाणतो, की तेथील अनेक जंतू आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लेही बनवितात. १९१६ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने मेच्निकॉफ निवर्तले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन केल्या आहेत.

मग त्यांचा सिद्धान्त व्यर्थ गेला काय? मुळीच नाही. आज रक्तातील अत्यल्प द्रव्येही मोजता येतात. मूत्रपिंडे निकामी झाली की जंतूंच्या इंडोलपासून बनणारे इंडॉक्सिल सल्फेट रक्तात साचते, हे सिद्ध झाले आहे. जंतुसंसर्ग सर्व शरीरभर भिनून अत्यवस्थ झालेल्या रोग्यांच्या रक्तात जंतुजन्य फेनिललॅक्टिक आम्ल व तत्सम द्रव्ये वाढतात, आणि जे दगावतात त्यांच्यात ती अधिक आढळतात, असे मॉस्को येथील संशोधकांना दिसून आले. अशा खुणांवरून धोका वेळीच ओळखता आला, तर कित्येक प्राण वाचविण्यास साहाय्य होईल. मात्र एक विवेक हवा. धूर दिसला म्हणजे आग असल्याची शंका घ्यावी. धुरानेच आग लागली असे मानू नये. रक्तातील खूण आणि रोगाचे कारण या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत.

बालमित्रांनो, मेच्निकॉफ यांचा प्रश्न मोलाचा होता, उत्तर मात्र अर्धेच खरे होते. थोरांचेही मत तपासून घ्यावे, आणि ते चुकले म्हणून त्यांच्या प्रश्नाचा अव्हेर करू नये, हाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.