ताम्रपट वाचणारे मिराशी

दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या विदर्भावर वाकाटक राजांची सत्ता होती. गाव दान दिले की त्याची आज्ञा ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. असा पत्रा वितळला, तर त्या गावाची जुनी नोंदच पुसली जाई.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (१८९३-१९८५) मूळचे कोकणातले. नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी हे ताम्रपट अक्षर न् अक्षर वाचले, त्यांतील गावे आजच्या नकाशावर शोधली. कलचुरी लेखांचा ग्रंथ १९५५ साली, वाकाटक लेखांचा १९६३ साली प्रसिद्ध झाला. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आपणही घरातले जुने कागद रद्दीत देण्यापूर्वी एकदा वाचून पाहू या.